बोंडाळे आणि सरपोतदार, २०१९

पश्चिम किनारा विद्यापीठाने हर्षाली नाचणकरला पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांमधून काढून टाकलं. कारण : भर सत्कार समारंभात मार्गदर्शकांच्या मांडीवर जिवंत कोंबडी ठेवणे.

असं काही झालेलं नाही. विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी समारंभ आनंदात पार पडला, अल्पोपाहार झाला आणि कोंबडी हा विषय पटलावर आलाच नाही. विद्यापीठ म्हणतंय म्हणजे तसंच असणार. तेव्हा जे झालंच नाही ते बाजूला ठेवू आणि जे झालं तिथून सुरुवात करू. सुरुवात झाली बांगड्याच्या तिखल्यापासून.

२०३३ साली वनस्पतिशास्त्र विभागाने नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतली : शोधनिबंधात संदर्भ कसे द्यावेत. सभागृहाचं छत गळत होतं म्हणून मैदानात मंडप घातला होता. दुपारच्या जेवणात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं होतं, आणि त्यानंतरचा तास डॉ. वामन सरपोतदारांचा. तिखलं खाऊन झोपलेल्या चाळीस मुलांना स्वल्पविराम शिकवणं हे काम फक्त सरपोतदार सरच करू शकत. माणूस तळमळीचा. चुकीचा संदर्भ दिसला की स्वतःच्याच घरी चोरी झाल्यासारखा चिडायचा.

"संदर्भ म्हणजे काय?" सरांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "जे आपलं नाही ते आपलं म्हणायचं नाही. झालं. बाकी सगळे स्वल्पविराम."

दुसऱ्या रांगेत बसलेल्या हर्षालीने ते वाक्य लिहून घेतलं. पुढे ते तिने खोलीच्या भिंतीवर चिकटवलं.

मग सर नियतकालिकातल्या लेखाचा नमुना द्यायला निघाले. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, कंसात वर्ष, लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं. नमुन्यासाठी खरा लेख ऐनवेळी आठवेना. समोरच्या कनातीवर ठसा होता : बोंडाळे मंडप डेकोरेटर्स, प्रो. य. र. बोंडाळे. बोटांना तिरफळाचा वास होता. दोन लेखक असले तर नावं कशी लिहायची हेही दाखवायचं होतं, म्हणून दुसरं नाव सरांनी हाताशी होतं ते घातलं. स्वतःचं. फळ्यावर ओळ उमटली :

बोंडाळे, य. र. आणि सरपोतदार, वा. ग. (२०१९). तिरफळाच्या बियांची सुप्तावस्था आणि तिचा भंग. सह्याद्री वनस्पती पत्रिका, १२(३), ४५–५२.

असा लेख नव्हता, अशी पत्रिका नव्हती, आणि बोंडाळे त्या वेळी मंडपाच्या मागे खुर्च्या मोजत होते.

तास संपल्यावर हर्षालीने सरांना गाठलं. "सर, हा लेख कुठे मिळेल?"

सरांची बस होती. "जुना आहे. मिळेल कधीतरी. विषय चांगला आहे बघ, घे."

आणि तिने घेतला. मार्गदर्शक सरच.

विभागाने तो नमुना संकेतस्थळावर टाकला. आता, विद्यार्थी नमुन्याचं काय करतात हे ज्याने प्रबंध लिहिला त्याला सांगायला नको. नमुन्याची ओळ उचलायची, आपल्या यादीच्या डोक्यावर चिकटवायची, तिच्याकडे बघत बघत खाली आपले संदर्भ भरायचे, शेवटी ती ओळ पुसायची. यातलं शेवटचं काम राहतं, कारण तोवर बाइंडिंगवाला शटर ओढत असतो. बघता बघता वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधांत तिरफळ आलं. मग अर्थशास्त्राच्या. मग कोकणातल्या सहकारी पतपेढ्यांवरच्या एका जाडजूड प्रबंधातही तिरफळाच्या बिया शांत झोपलेल्या सापडल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. मार्गदर्शक संदर्भ मोजतात, वाचत नाहीत. पुढचे विद्यार्थी आधीच्यांच्या याद्या उचलत गेले, आणि ती ओळ विद्यापीठाबाहेर पडून देशभर हिंडली.

इकडे हर्षाली बुलबुलांच्या मागे हिंडत होती. तिरफळाची बी काळी, चकचकीत आणि हट्टी. पेरली तर रुजत नाही, भिजवली तर कुजते. हर्षालीचा अंदाज असा की बुलबुलाच्या पोटातून गेलेली आणि मग तापलेल्या जांभ्या दगडावर पडलेली बीच डोळे उघडते. अंदाज खरा की खोटा हे बघायचा एकच मार्ग होता आणि तो घाण होता.

"लोकांच्या पोरी पगार आणतात," तिची आई शेजारणीला सांगायची, "आमची बुलबुलाच्या शिटा आणते. डबीतून. वर तारीख घालून."

आईकडे एक गावठी कोंबडी होती. दुसऱ्यांच्या अंगणांची रोज पाहणी करत फिरायची म्हणून तिचं नाव कलेक्टरीण. २०३५ साली कलेक्टरणीने प्रयोगाच्या सातव्या परातीतल्या चौदा बिया खाल्ल्या. हर्षालीने दिवसभर कोंबडीला शिव्या घातल्या आणि संध्याकाळी तळटीप लिहिली : सातव्या परातीतील चौदा बिया घरच्या कोंबडीने खाल्ल्याने वगळल्या आहेत. हे न लिहिताही चाललं असतं. पण भिंतीवर ते वाक्य होतं.

तिचा पहिला लेख तक्त्यांसकट, कोंबडीच्या तळटिपेसकट छापून आला, त्यात तिने एक चूक केली. लिहिलं, "या विषयाचा पाया बोंडाळे आणि सरपोतदार (२०१९) यांनी घातला." लेख तिने पाहिलाही नव्हता. पण गुरूचाच लेख, तो मिळाला नाही असं कसं लिहायचं? तिला वाटलं, एवढा एक मान राखू. छापायला जाण्याआधी सरांनी तो मसुदा वाचला, तीन स्वल्पविराम दुरुस्त केले, पाया घातल्याच्या वाक्याशी थोडे थबकले आणि सही केली.

इथे 'पुनर्लेख' आला.

पुनर्लेख हे यंत्र मुळात चांगल्या कामासाठी होतं. जुनी नियतकालिकं बंद पडली होती, त्यांचे सर्व्हर कोणी भंगारात काढले होते, आणि संदर्भयाद्यांमधले निम्मे लेख म्हणजे पत्ता आहे पण घर नाही, असे झाले होते. शास्त्रज्ञांनी विचार केला : प्राचीन काळचे हरवलेले ग्रंथ आपल्याला कसे कळतात? कोणी टीकाकार त्यातली ओळ कौतुकाने देतो, कोणी खोडून काढायला देतो. असे तुकडे जुळवून मूळ ग्रंथ उभा करतात. लेखांचंही तसंच. जो जो एखाद्या लेखाचा संदर्भ देतो, त्याच्या त्या वाक्यात मूळ लेखाची एक सावली पडते. हजार बाजूंनी पडलेल्या हजार सावल्या मिळाल्या तर वस्तूचा आकार सांगता येतो. पुनर्लेख त्या सावल्या गोळा करायचा, ज्यांनी संदर्भ दिला त्यांची आकडेवारी आणि तपशील तपासायचा, आणि लेख परत लिहायचा.

चाचणी कडक घेतली. हजार जुने लेख यंत्रापासून लपवले आणि सावल्यांवरून लिहायला लावले. इतके जुळले की दोन लेखकांना स्वतःच्यापेक्षा यंत्राचा लेख आवडला. फक्त एक झालं. ते हजारही लेख खरोखर लिहिलेले होते. कधी लिहिलाच गेला नाही अशा लेखाचं यंत्र काय करील, हे कोणी तपासलं नाही, कारण असा लेख चाचणीसाठी आणायचा कुठून. सावली आहे म्हणजे वस्तू असणारच, एवढंच यंत्राला ठाऊक.

राष्ट्रीय संदर्भ मंडळाने नियम केला : पुनर्लेखाने उभा केलेला लेख हा मूळ लेखच, आणि त्याची तारीख मूळ तारीखच.

बोंडाळे आणि सरपोतदार यांच्या वाट्याला सावल्या उदंड होत्या, पण सगळ्या पोकळ. पतपेढीवाला तिरफळाबद्दल काय सांगणार? अख्ख्या देशात त्या लेखाचा संदर्भ देऊन तिरफळाबद्दल खरोखर काही लिहिणारी एकच बाई होती. यंत्राला माल हवा होता. त्याने तिचा घेतला.

२०३९ मध्ये हर्षालीने प्रबंध सादर केला. लांज्याच्या एका कॉलेजात जागा तिच्यासाठी थांबली होती. पदवी हातात आली की नेमणूक. आठवड्याने तपासणीचं उत्तर आलं : वाङ्मयचौर्य. प्रबंधाचा बहुतांश भाग बोंडाळे आणि सरपोतदार (२०१९) यांच्या लेखातून उचललेला आहे.

तिने अंगणात उभं राहून फोनवर तो लेख वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच. बुलबूल होते. जांभा होता. तिचे तक्ते होते. पान एकोणपन्नासवर होतं : सातव्या परातीतील चौदा बिया घरच्या कोंबडीने खाल्ल्याने वगळल्या आहेत.

हर्षालीने कलेक्टरणीकडे पाहिलं. कलेक्टरणीने मान वाकडी करून एका डोळ्याने हर्षालीकडे पाहिलं. २०१९ मध्ये ही कोंबडी नव्हती, हिची आई नव्हती, आणि हर्षाली चौथीत होती.

"काय गो, रडतेस?" आईने ओटीवरून विचारलं.

"रडत नाही. संताप आलाय."

"मग तांदूळ निवड. संतापात खडा चटकन दिसतो."

तिने तांदूळ निवडले. मग सरांकडे गेली.

सरांच्या खोलीत पुष्पगुच्छ मावत नव्हते. देशातले सर्वाधिक संदर्भित वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांना मंडळाचा 'संदर्भभूषण' सन्मान जाहीर झाला होता.

"सर, तो लेख तुम्ही लिहिलेला नाही."

"असं एकदम कसं म्हणतेस?"

"तुम्ही तो मंडपात बनवलात. मी दुसऱ्या रांगेत होते."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अगं, सुरुवातीला मीही तेच म्हणत होतो. मग लेख वाचला. आणि खरं सांगू, शैली माझीच आहे."

"शैली माझी आहे सर. तुम्ही सहा वर्षं माझे स्वल्पविराम दुरुस्त केलेत."

"मग? माझीच झाली ना?"

हर्षालीने टेबलाची कड धरली. "एक ओळ लिहून द्या. हा नमुना होता, एवढीच."

"आणि पुढे काय होईल, विचार केलास? तो संदर्भ ज्यांच्या ज्यांच्या प्रबंधात आहे त्या सगळ्यांच्या पदव्या पुन्हा तपासणार. आपल्या कुलसचिवांच्या प्रबंधातही आहे. कुलगुरूंच्या जावयाच्या तर दोनदा आहे. मी माझ्या एकट्याचा विचार करू शकत नाही."

"सन्मान एकट्यालाच आहे."

"विभागून आहे," सर दुखावल्या स्वरात म्हणाले. "बोंडाळ्यांनाही आहे."

ती बोंडाळ्यांकडे गेली. गोदामात दमट कापडाचा वास होता आणि खुर्च्यांच्या चळती छताला टेकल्या होत्या. यशवंत बोंडाळे सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आधी तिच्या हातात कार्ड ठेवलं. 'मंडप, रोषणाई, वनस्पतिशास्त्र.' मंडळाने लेखकाची ओळख पटवताना कनातीवरचा प्रोप्रायटरचा 'प्रो.' वाचून त्यांना प्राध्यापक धरलं होतं, आणि बोंडाळ्यांनी हरकत घेतली नव्हती.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही हो ताई. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला तर तिरफळाची अॅलर्जी."

"मग तसं लिहून द्या."

बोंडाळे बराच वेळ एका खुर्चीची धूळ झटकत राहिले. "चाळीस वर्षं लोकांच्या सत्काराचे मंडप मी बांधले. आत कधी बसलो नाही. खांब पडू नये म्हणून मागे उभा. आता पत्र आलंय, पहिल्या रांगेत खुर्ची आहे. खुर्ची माझीच, भाड्याने दिलेली, ते सोडा. पण बसायचं पहिल्यांदाच. सून न मागता चहा देते हल्ली." त्यांनी झटकलेली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "तुमच्या लग्नाला मंडप फुकट घालतो. झालरीसकट."

"मला मंडप नको. पान एकोणपन्नास पाहिजे."

"ते मात्र सरपोतदार सरांना विचारावं लागेल," बोंडाळे म्हणाले. "ते दुसरे लेखक आहेत."

या माणसावर हर्षालीला चिडता येईना, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

मग चौकशी समिती. हर्षालीने तारखा घातलेल्या सगळ्या डब्या नेल्या, परातींचे फोटो नेले. अध्यक्षबाईंनी एक डबी उघडली आणि लगेच बंद केली.

"हे सगळं तुमच्या प्रबंधातलंच आहे," त्या म्हणाल्या. "चोरीच्या मालाचा पुरावा म्हणून तुम्ही तोच माल दाखवताय."

"मॅडम, पान एकोणपन्नासवरची कोंबडी माझी आहे. तिचा जन्म २०३४ चा."

"संदर्भ?"

"कोंबडी जिवंत आहे. दाखवते."

"जिवंत असेल. प्रकाशित आहे का?"

हर्षाली डब्या आवरू लागली. अध्यक्षबाईंचा आवाज मऊ झाला. "हे बघा, आम्ही काही तुमच्या वाईटावर नाही. चोरी म्हणजे काय, तर न सांगता घेणं. तुम्ही सांगून घ्या. प्रत्येक निष्कर्षापुढे कंसात 'बोंडाळे आणि सरपोतदार, २०१९' घाला, महिन्याभरात पदवी. संदर्भ नीट द्या, एवढंच म्हणतोय आम्ही."

घरी आईने ऐकून घेतलं. "घाल गो कंस. देवाला फूल वाहतो तसे वाहा आणि नोकरी घे."

कंसच तर होता. हर्षालीने घालायला सुरुवात केली. बुलबुलांपुढे कंस घातला. तापलेल्या जांभ्यापुढे घातला. ज्या एप्रिलमध्ये तिला उन्हाने चक्कर आली होती त्या एप्रिलपुढे घातला. हात सराईत झाला. मग ती तळटीप आली. घरच्या कोंबडीने खाल्ल्या (बोंडाळे आणि सरपोतदार, २०१९).

अंगणातून कलेक्टरणीचा आवाज येत होता. शेजाऱ्यांच्या वाफ्यात काहीतरी नियमबाह्य सापडलं असावं.

हर्षालीने सगळे कंस पुसले. मग उठून आईला विचारलं, "झाकणाची टोपली कुठे आहे?"

सत्कार त्याच मैदानात होता, मंडप अर्थातच बोंडाळ्यांचा. सरांची पट्टशिष्या म्हणून मानपत्र वाचायचा मान हर्षालीला होता. ती टोपली घेऊन मंचावर गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हापूस. एक प्राचार्य सरसावून बसले.

"सरांनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं," तिने माइकवर वाचलं, "जे आपलं नाही ते आपलं म्हणायचं नाही." टाळ्या झाल्या. सरांनी डोळे टिपले. "आज दोन्ही लेखकांचा सत्कार होतो आहे. पण लेखाच्या पान एकोणपन्नासवर आणखी एकीचं योगदान आहे. तिचा सत्कार राहून गेला."

तिने टोपली उघडली आणि कलेक्टरीण सरांच्या मांडीवर ठेवली.

सरांनी तिला घट्ट धरलं. मांडीवर कोंबडी आली की कोणीही तेच करील. पहिल्या रांगेत बोंडाळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमपत्रिकेत असेल.

"हर्षाली, उचल हिला," सर दातांआडून म्हणाले.

"आधी ओळखा सर. तुमच्या लेखातली आहे."

माइक चालू होता. सरांनी माइककडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे ओठ हलले. मंडपात सहा वर्षांपूर्वी स्वल्पविरामासाठी चिडणारा तो माणूस क्षणभर चेहऱ्याच्या काठापर्यंत आला, आणि हर्षालीला एवढा वेळ वाटलं की हा बोलेल आता. एक ओळ. हा नमुना होता.

"आभारप्रदर्शन घ्या," सर म्हणाले.

कलेक्टरणीने तेवढ्यात शालीवर आपलं मत नोंदवलं होतं.

हर्षालीला काढून टाकल्याचा आदेश संध्याकाळी निघाला आणि दुसऱ्या दिवशी परत घेतला गेला. आदेशात कारण द्यावं लागतं. कारण दिलं की कोंबडी आली. कोणती कोंबडी, तर लेखातली. म्हणजे २०१९ साली बिया खाणारी कोंबडी २०३९ साली तुरतुरत मंचावर होती, असं विद्यापीठाच्याच कागदावर आलं असतं, आणि प्राणिशास्त्र विभागाने त्यावर सही करायला नकार दिला. तेव्हा आदेश निघालाच नव्हता, कोंबडी आलीच नव्हती, आणि शाल आधीपासूनच तशी होती. हर्षाली आजही विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. तिचा प्रबंध विचाराधीन आहे. लांज्याच्या जागेवर पतपेढीवाला लागला.

भिंतीवरचा कागद तिने काढला आणि अर्जाला जोडला. अर्ज राष्ट्रीय संदर्भ मंडळाकडे पोचल्याची पोच आली आहे. तो असा :

महोदय,

सन २०३३ मध्ये एका मंडपात पुढील वाक्य माझ्यासमक्ष उच्चारण्यात आले : "जे आपलं नाही ते आपलं म्हणायचं नाही" (सरपोतदार, वा. ग., व्यक्तिगत संवाद, २०३३). गेली सहा वर्षे मी हे वाक्य त्यांच्या नावाने, योग्य संदर्भासह वापरत आले आहे. आता असे निदर्शनास आले आहे की सदर वाक्य त्यांचे नाही. ते त्यांनी कोठून घेतले याची माहिती उपलब्ध नाही. तरी ते त्यांच्या नावावरून तात्काळ कमी करण्यात यावे, मूळ मालक मिळेपर्यंत मंडळाच्या ताब्यात सुरक्षित ठेवावे, आणि तोपर्यंत या विद्यापीठाच्या हद्दीत ते कोणासही उच्चारू देऊ नये, ही नम्र विनंती.